मोक्याचे व्हॉल्व्ह: कोणते, कसे तपासायचे, कसे राखायचे

एका नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागातल्या कनिष्ठ अभियंत्याचा प्रश्न थोडक्यात असा: वस्ती साठ हजारांच्या आसपास, चार उंच टाक्या, दिवसाआड पाणी, लहानमोठे मिळून चारेकशे व्हॉल्व्ह. वाहिनी फुटली की व्हॉल्व्ह सापडत नाही, सापडला तर फिरत नाही, फिरला तर पाणी थांबत नाही. सगळे बदलायला निधी नाही. सुरुवात कुठून करावी?

सुरुवात यादीपासून करा, खरेदीपासून नको. एवढ्या गावात चारशेपैकी चाळीस-पन्नास व्हॉल्व्ह असे निघतात की गावाचे पाणी खरोखर त्यांच्यावर अवलंबून असते. ते हुडकायचे, प्रत्येक पूर्ण बंद करून पूर्ण उघडून पाहायचा आणि जे नापास होतील तेवढ्यांवरच पहिल्या वर्षाचा पैसा लावायचा. उरलेल्यांची पाळी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आली तरी चालेल. याच्या उलट क्रमाने, म्हणजे सरसकट निविदा काढून, काम केले की रस्त्याकडेचे सोपे व्हॉल्व्ह बदलले जातात आणि टाकीखालचा जाम झालेला तसाच राहतो.

दिवसाआड पाणी देणाऱ्या गावात व्हॉल्व्ह दोन उलट कारणांनी खराब होतात, हे आधी लक्षात घ्या. झोनचे, म्हणजे एकेका भागाला पाळीने पाणी सोडण्याचे, व्हॉल्व्ह रोज उघडबंद होतात, बऱ्याचदा अर्धवट उघडे ठेवले जातात, त्यामुळे ते झिजतात. दुरुस्तीसाठी वाहिनीचा तुकडा अलग करणारे व्हॉल्व्ह मात्र वर्षानुवर्षे कोणी हलवत नाही. त्यांच्या स्पिंडलवर, म्हणजे फिरवायच्या आटेदार दांड्यावर, क्षार धरतात, गेटच्या, म्हणजे पाणी अडवणाऱ्या पडद्याच्या, खालच्या खाचेत गाळ बसतो, ग्लँडमधली, म्हणजे दांडा बाहेर येतो तिथल्या सीलमधली, दोरी सुकून कडक होते. पहिल्या गटात प्रश्न असतो तो बंद केल्यावरही पाणी पासिंग होते, म्हणजे पुढे जात राहते, का याचा, दुसऱ्या गटात व्हॉल्व्ह फिरतो का याचा. दोन्हींना एकच तपासणी लावली तर अर्धे दोष हातून निसटतात.

व्हॉल्व्ह न सापडण्याची किंमत किती, हा हिशेब वरिष्ठांपुढे ठेवायला उपयोगी पडतो. ५० मिमी व्यासाचे भोक आणि २० मीटर दाब (तेवढ्या उंचीच्या पाण्याचा) धरला तर सेकंदाला सुमारे २३ लिटर, म्हणजे तासाला ८४ हजार लिटर पाणी जाते. दहा हजार लिटरचे आठ टँकर भरून वर उरते, आणि दरडोई १३५ लिटरच्या मापाने सहाशेहून जास्त माणसांचे दिवसाचे पाणी झाले. व्हॉल्व्ह शोधण्यात गेलेला प्रत्येक तास एवढा महाग असतो.

मोक्याचा कोणता, हे कसे ठरवायचे

व्यास मोठा म्हणून व्हॉल्व्ह मोक्याचा, हा समज अपुरा आहे. वितरण जाळ्याचा नकाशा घ्या, हाताने काढलेला असला तरी चालेल, आणि वाहिनीच्या प्रत्येक तुकड्याला दोन प्रश्न विचारा. इथे फुटले तर कोणते व्हॉल्व्ह बंद करावे लागतील? आणि त्यातला एक बंद झालाच नाही तर पुढचा कोणता बंद करावा लागेल, नि त्यामुळे आणखी किती नळजोडण्यांचे पाणी तुटेल? हा जो जादाचा आकडा येतो तेच त्या व्हॉल्व्हचे वजन.

समजा टाकीखालून ३०० मिमीची वाहिनी निघते, तिच्यावर व्हॉल्व्ह 'क'. पुढे ६०० मीटरवर टी, तिथून २०० मिमीच्या दोन शाखा. 'ख' व्हॉल्व्हच्या शाखेवर ९०० जोडण्या, 'ग'च्या शाखेवर १४०० जोडण्या आणि ग्रामीण रुग्णालय. आता 'ग'च्या शाखेवर फुटले आणि 'ग' जाम निघाला, तर 'क' बंद करावा लागतो आणि 'ख'कडच्या ९०० जोडण्या विनाकारण कोरड्या पडतात. 'ख'च्या शाखेवर फुटले आणि 'ख' जाम निघाला, तर रुग्णालयासह १४०० जोडण्या जातात. म्हणजे लहान शाखेवरचा 'ख' हाच जास्त मोक्याचा. व्हॉल्व्हचे वजन त्याच्या पुढच्या वस्तीवरून ठरत नाही, तो नापास झाला तर कोणाचे पाणी तुटते त्यावरून ठरते. त्यात 'ख'ची शाखा जुन्या एसी (ॲस्बेस्टॉस सिमेंट) पाइपची असेल, वर्षाला चार वेळा फुटत असेल, तर त्याचा क्रमांक आणखी वर जातो. गळती दुरुस्तीची नोंदवही काढा आणि कुठल्या तुकड्यावर किती वेळा खोदले ते नकाशावर ठिपक्यांनी मांडा, चित्र आपोआप दिसते.

काही व्हॉल्व्ह हा हिशेब न करताच यादीत घ्यायचे. टाकीचा आउटलेट, इनलेट आणि बायपास: आउटलेट बंद होत नसेल तर खालची दुरुस्ती करायला टाकी रिकामी करण्यावाचून मार्ग उरत नाही. पंपाचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि पाणी उलटे येऊ न देणारा रिफ्लक्स व्हॉल्व्ह. नदी, रेल्वे, महामार्ग ओलांडणाऱ्या वाहिनीच्या दोन्ही टोकांचे. रुग्णालय आणि डायलिसिस केंद्राकडे जाणाऱ्या वाहिनीवरचे. आणि दोन टाक्यांच्या क्षेत्रांच्या हद्दीवरचे, कायम बंद असायला हवेत असे. या शेवटच्यांकडे फार दुर्लक्ष होते. हद्दीवरचा एक व्हॉल्व्ह कोणीतरी तक्रार मिटवण्यासाठी उघडून तसाच ठेवतो, आणि मग उंचावरच्या टाकीचे पाणी खालच्या क्षेत्रात उतरत राहते. टाकी भरत नाही म्हणून पंपाचे तास वाढवले जातात, खरे कारण रस्त्याखाली असते.

संगणकावर काम करायची तयारी असेल तर नकाशासाठी क्यूजीआयएस आणि जाळ्यातल्या दाब-प्रवाहाच्या हिशेबासाठी एपानेट ही दोन्ही मोफत मिळतात. एपानेटमध्ये एकेक तुकडा बंद करून कुठला दाब किती पडतो ते पाहता येते. २०२० साली आलेल्या २.२ आवृत्तीपासून दाबानुसार मागणी धरण्याची सोय आहे, तीच वापरा. जुन्या पद्धतीत दाब शून्याखाली गेला तरी मागणी पुरी झाली असे धरले जाते, त्यामुळे दिवसाआड पाण्याच्या गावात निकाल फसवे येतात. पण मॉडेल तयार नाही म्हणून काम थांबवू नका. कागद, पेन्सिल आणि जुना व्हॉल्व्हमन एवढ्यावर पहिली यादी चांगली होते.

शोधणे आणि नोंदणे

व्हॉल्व्हमन निवृत्त व्हायच्या आत त्यांना बरोबर घेऊन गाव फिरा. हे काम पुढच्या आर्थिक वर्षावर ढकलू नका. मोबाइलच्या जीपीएसवर एकट्यावर विसंबू नका, त्यात तीन ते पाच मीटरचा फरक सहज पडतो, आणि डांबराखाली गेलेले झाकण शोधताना तीन मीटर खूप होतात. प्रत्येक व्हॉल्व्हची तीन पक्क्या खुणांपासून टेपने अंतरे घ्या. खूण म्हणून देवळाचा कोपरा, शाळेची भिंत, पुलाचा कठडा घ्यावा. विजेचे खांब आणि झाडे हलतात, पडतात.

रस्त्याचे डांबरीकरण किंवा काँक्रिटीकरण मंजूर झाले की त्या रस्त्यावरच्या झाकणांची यादी बांधकाम विभागाला लेखी द्या आणि झाकणे नव्या पातळीला उचलण्याची बाब त्याच अंदाजपत्रकात घालायला लावा. काँक्रीट पडल्यावर ते फोडून व्हॉल्व्ह काढणे व्हॉल्व्हच्या किमतीपेक्षा महाग पडते.

व्हॉल्व्हच्या पत्रकावर क्रमांक, व्यास, प्रकार, दाब वर्ग, बसवल्याचे वर्ष, खोली, स्पिंडलच्या टोपीचे माप, बंद होण्याची दिशा, पूर्ण आटे (उघड्यापासून बंद होईपर्यंतचे फेरे), नेहमीची स्थिती आणि तो कोणता भाग अलग करतो हे हवे. दिशा जरूर लिहा. आपल्याकडे घड्याळाच्या दिशेने बंद होणारे व्हॉल्व्ह सर्वसाधारण आहेत, पण जुन्या योजनांत उलटे निघतात. उलटा व्हॉल्व्ह 'उघडतोय' म्हणून जोर लावला जातो, तेव्हा तो आधीच पूर्ण बंद होऊन बसलेला असतो, आणि स्पिंडल पिळला जातो.

चेंबरमध्ये उतरण्याआधी

झाकण उघडून निदान पंधरा मिनिटे हवा खेळू द्या. चेंबर खोल असेल, शेजारून गटार जात असेल किंवा तळाला काळे पाणी असेल, तर गॅस मीटरने ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या वर आहे आणि हायड्रोजन सल्फाइड व ज्वलनशील वायू नाहीत याची खात्री होईपर्यंत कोणीही उतरायचे नाही. वासावर जाऊ नका. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की नाकाला वास येईनासा होतो. एक माणूस कायम वर थांबतो, उतरणाऱ्याच्या अंगाला दोर असतो. बॅटरीच्या उजेडात कोपरे बघून घ्या, चेंबरमध्ये साप-विंचू नेहमीचे आहेत. शक्य तिथे वरूनच टी-चावीने काम करा.

फिरवून तपासणे

खरी तपासणी इथे होते. वरून रंग चांगला, ग्लँड कोरडी, बोल्ट शाबूत, म्हणून व्हॉल्व्ह 'सुस्थितीत' लिहिणे हा नुसता शेरा झाला.

वेळ अशी निवडा की वाहिनीत दाब आहे पण मुख्य पुरवठ्याची गर्दी नाही. भागातल्या लोकांना आदल्या दिवशी कळवा, कारण गाळ हलतो आणि थोडा वेळ गढूळ पाणी येते. त्या तुकड्यावरचा वॉशआउट, म्हणजे वाहिनीतला गाळ-पाणी बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह, चालू आहे का ते आधी बघा. आजूबाजूचे कोणते व्हॉल्व्ह बंद केले तर हा अलग करता येईल, ते माहीत असल्याशिवाय हात लावू नका, कारण जुना व्हॉल्व्ह फिरवताना ग्लँड फुटली किंवा बॉनेटचे (व्हॉल्व्हच्या वरच्या झाकणाचे) गॅस्केट गेले तर तीच वेळ आणीबाणीची होते. गाडीत ग्लँड दोरी, ३ मिमी रबर इन्सर्शन शीट, नटबोल्ट आणि मडपंप असावा.

टोपी आणि ग्लँडभोवतीची माती ब्रशने काढा. मग बंद करायच्या दिशेने पाच ते दहा आटे फिरवा, दोन-तीन आटे परत उघडा, पुन्हा पाच-दहा बंद, पुन्हा दोन-तीन मागे. असे पुढे-मागे करत खाली जायचे. मागे फिरवल्याने स्पिंडलच्या आट्यांतला क्षार आणि गेटच्या मार्गिकेतला गाळ सुटतो. सलग खाली दाबत नेले तर तो गाळ पुढे ढकलला जाऊन खाचेत घट्ट बसतो. बसायला आला की तीन-चार आटे उघडून मिनिटभर थांबा. अरुंद फटीतून पाणी जोरात वाहते आणि खाच धुऊन निघते. मग पुन्हा बंद करा. व्हॉल्व्ह बरीच वर्षे हललेला नसेल तर हे तीन-चार वेळा करावे लागते. घाई केली की तुटतो.

जोर किती लावायचा याला मर्यादा आहे. १.२ मीटर दांड्याच्या टी-चावीवर दोन माणसांनी दोन टोकांना तीस-तीस किलोचा जोर दिला तर सुमारे ३५० न्यूटन-मीटर पीळ बसतो. अमेरिकी एडब्ल्यूडब्ल्यूए (अमेरिकन वॉटर वर्क्स असोसिएशन) या संस्थेच्या मानकात सहा ते बारा इंची रबर-सीट गेट व्हॉल्व्हने सुमारे ४०० न्यूटन-मीटर सहन करावे अशी अपेक्षा आहे, चार इंचीने सुमारे २७०. म्हणजे दोन माणसांचा जोर हीच मोठ्या व्हॉल्व्हची वरची हद्द, आणि १०० मिमीला एकच माणूस. चावीला दोन्ही बाजूंनी मीटर-मीटर पाइप अडकवला की तोच पीळ ९०० न्यूटन-मीटरच्या वर जातो. एवढ्यात जुन्या व्हॉल्व्हचे गनमेटलचे नट नाहीतर स्पिंडल, दोन्हींपैकी एक जाते. पाइप लावून फिरवणे बंद करा, हा नियम लेखी काढा.

ऊर्ध्ववाहिनीवर, म्हणजे पंपाकडून टाकीकडे जाणाऱ्या वाहिनीवर, व्हॉल्व्ह जड लागतो तेव्हा कारण गंज असेलच असे नाही. ३०० मिमीच्या गेटवर एका बाजूला ५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब आणि दुसरी बाजू रिकामी असेल, तर गेट साडेतीन टनांच्या जोराने सीटवर, म्हणजे ते टेकते त्या कडेवर, दाबले गेलेले असते. मोठ्या व्हॉल्व्हला वळसा घालणारा बायपास उघडून दोन्ही बाजूंचा दाब सारखा केला की तोच व्हॉल्व्ह एका माणसाने फिरतो. बायपासचा लहान व्हॉल्व्ह जाम असतो म्हणून मोठ्याचा नट तुटतो, असे फार होते. बायपास यादीतून वगळू नका.

शेवटचे आटे सावकाश. गेट व्हॉल्व्हचा निम्मा प्रवास होईपर्यंत प्रवाहात फारसा फरक पडत नाही, सगळी घट शेवटच्या पाचव्या हिश्श्यात होते. धातूच्या वाहिनीत सेकंदाला १ मीटर वेगाने जाणारे पाणी एकदम थांबले तर दाब सुमारे १०० मीटरने उसळतो, पीव्हीसीत त्याच्या निम्म्याहून कमी. दोन किलोमीटरच्या लोखंडी वाहिनीत दाबाची लाट जाऊन परत यायला चारेक सेकंद लागतात, आणि त्याच्या आत थांबणे म्हणजे 'एकदम'. शेवटच्या पाच-सहा आट्यांना प्रत्येकी दहा-पंधरा सेकंद द्या. व्हॉल्व्ह बंद केल्यावर तासाभरात दुसरीकडे वाहिनी फुटली, तर बंद करण्याचा वेग आधी तपासावा.

पूर्ण बंद झाला की आटे लिहा आणि पाणी थांबले का ते बघा. ऐकण्याची काठी, नाहीतर लांब पान्याचे टोक, स्पिंडलवर टेकवून कान लावा: पासिंग असेल तर बारीक सणसणाट येतो. पुढचा वॉशआउट उघडा. साठलेले पाणी निघून गेल्यावर धार आटली पाहिजे. आटली नाही तर दुसऱ्या कुठल्या वाहिनीतून पाणी येत नाही ना, ते बघूनच या व्हॉल्व्हला दोष द्या.

उघडताना पूर्ण वर न्या आणि अर्धा ते एक आटा मागे घ्या. अगदी टोकाला ताणून ठेवलेला गेट तिथेच धरतो, आणि पुढच्या माणसाला तो उघडा आहे की बंद जाम आहे, हे कळत नाही. रिकामी वाहिनी भरताना मात्र आधी थोडेच उघडा, हवा निघू द्या, मग वाढवा.

आटे काय सांगतात

पूर्ण प्रवास म्हणजे व्हॉल्व्हचा व्यास आणि थोडे जास्त, त्याला स्पिंडलच्या पिचने, म्हणजे एका फेऱ्यात गेट सरकते त्या अंतराने, भागले की आटे येतात. २०० मिमीच्या व्हॉल्व्हला पिच ६ मिमी असेल तर ३३ ते ३५ आटे. इंचातल्या व्यासाची तिप्पट अधिक दोन-तीन हा अमेरिकी ठोकताळा त्याच व्हॉल्व्हला २६-२७ सांगतो, कारण त्यांचे पिच वेगळे. म्हणून दुसऱ्याचा तक्ता वापरू नका. भांडारात त्याच कंपनीचा त्याच व्यासाचा नवा व्हॉल्व्ह असेल तर तो जमिनीवर ठेवून आटे मोजून घ्या.

अपेक्षेपेक्षा आटे कमी भरले आणि पाणी पासिंग होतेय, तर खाचेत गाळ किंवा दगड आहे. धुवून बघा. आटे पुरे भरले, टोकाला घट्ट बसला आणि तरीही पासिंग, तर सीट रिंग किंवा गेटची रिंग झिजली आहे. स्पिंडल न थांबता फिरतच राहिला तर नटचे आटे गेले किंवा स्पिंडल तुटला. हा शेवटचा प्रकार सर्वांत फसवा आहे. नट गेल्यावर गेट सुटून खाली बसते, व्हॉल्व्हमनच्या दृष्टीने व्हॉल्व्ह 'उघडा' असतो, आणि पुढच्या वस्तीत दाब नाही म्हणून नवी वाहिनी मंजूर केली जाते. दाब कमी असल्याच्या जुन्या तक्रारीत आधी मार्गावरच्या प्रत्येक व्हॉल्व्हचे आटे मोजा, वाहिनीच्या व्यासाचा हिशेब नंतर.

रोज चालणाऱ्या झोन व्हॉल्व्हला फिरवून बघण्याची गरज नाही, त्याची परीक्षा पासिंगची. तो बंद असतानाच्या वेळी पुढच्या सर्वांत सखल घरातला मीटरआधीचा नळ उघडा. वाहिनी उतरून गेल्यावरही धार चालू राहिली तर सीट गेली आहे. झोनना पाणी समान वाटण्यासाठी स्लूस (म्हणजे गेट) व्हॉल्व्ह 'बारा आट्यांवर' ठेवायची पद्धत सगळीकडे आहे, आणि तीच सीट खाते: अर्धवट उघडे गेट प्रवाहात थरथरते, कडा झिजतात. तो आकडा वर्षभर बदलत नसेल तर तिथे ऑरिफिस प्लेट, म्हणजे हिशेबाने मापाचे भोक पाडलेली तबकडी, बसवा आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवा. बदलत असेल तर नियंत्रणासाठी बटरफ्लाय व्हॉल्व्ह वेगळा घ्या, अलग करण्यासाठीचा स्लूस वेगळा. एकाच व्हॉल्व्हला दोन्ही कामे लावू नका.

दुरुस्ती

फिरवल्यावर ग्लँडमधून ठिबकणे जुन्या व्हॉल्व्हला अपेक्षितच आहे. दोन्ही नट आळीपाळीने पाव-पाव फेरा आवळा. एकच बाजू आवळली की ग्लँड तिरपी बसून स्पिंडलला घासते. तेवढ्याने थांबले नाही तर जुनी दोरी हुकने पूर्ण काढा, तिच्यावरच नवी कोंबू नका. तुकडा अलग करूनच हे करा, गेट वर ओढून पाणी थांबेल यावर विसंबू नका. दोरीचे माप म्हणजे स्पिंडल आणि ग्लँडबॉक्स यांच्यातली मोकळी जागा. प्रत्येक वळ्याची टोके ४५ अंशांत कापा, वळे वेगवेगळे बसवा आणि जोड एकमेकांवर येऊ देऊ नका. आवळल्यावर स्पिंडल हाताला जाणवेल इतका मोकळा फिरला पाहिजे.

नट, स्पिंडल किंवा गेट गेले असेल आणि बॉडी शाबूत असेल, तर बॉडी जागेवर ठेवून बॉनेट उघडून दुरुस्ती होते. सीट रिंग बॉडीत गेली असेल तर जुन्या १०० ते २०० मिमीच्या व्हॉल्व्हवर खर्च करू नये, बदलावा. नवा घेताना आयएस १४८४६ प्रमाणे दाब वर्ग बघून घ्या. पीएन १.० चा असेल तर बॉडीची चाचणी १.५ मेगापास्कलला आणि सीटची १.० ला झालेली हवी, आणि ती चाचणी माल उतरवण्याआधी स्वतः हजर राहून बघावी. बटरफ्लायसाठी आयएस १३०९५, एअर व्हॉल्व्हसाठी आयएस १४८४५. नव्या व्हॉल्व्हबरोबर डिस्मँटलिंग जॉइंट घ्याच. तो नसेल तर पुढच्या वेळी वाहिनी कापावी लागते. व्हॉल्व्हचे वजन काँक्रीटच्या ठोकळ्यावर यावे, वाहिनीवर नाही. चेंबरची भिंत पाइपला टेकू देऊ नका.

बटरफ्लाय व्हॉल्व्हमध्ये बहुतेक दोष गिअरबॉक्सचे असतात. चेंबर भरले की पाणी आत शिरते, ग्रीसचे दुधाळ पाणी होते, वर्म व्हील गंजते. झाकण उघडून ग्रीसचा रंग बघा. दर्शक 'बंद' दाखवतो आणि पासिंग आहे, तर स्टॉप बोल्ट सरकला आहे का ते आधी तपासा, डिस्कवर जोर देऊ नका.

एअर, वॉशआउट, रिफ्लक्स

एअर व्हॉल्व्हकडे मी सर्वांत जास्त लक्ष द्यायला सांगेन, कारण इथे प्रश्न लोकांच्या आरोग्याचा आहे. दिवसाआड पुरवठ्यात वाहिनी दर वेळी रिकामी होते. पाणी सखल भागाकडे उतरताना उंचावर निर्वात तयार होते, एअर व्हॉल्व्ह उघडून हवा आत घेतो. पावसाळ्यात त्याचे चेंबर गढूळ पाण्याने भरलेले असेल तर हवेऐवजी तेच पाणी वाहिनीत ओढले जाते. उपाय साधा आहे: व्हॉल्व्ह पाइपने उचलून जमिनीच्या आणि पुराच्या पातळीच्या वर घ्या, तोंड खाली वळवा, जाळी लावा. दर पावसाळ्याआधी खालचा आयसोलेटिंग व्हॉल्व्ह बंद करून वरचा एअर व्हॉल्व्ह उघडा, चेंडू चिकटलेला आहे का, सीटच्या रबराला खाच पडली आहे का ते बघा. परत चालू करताना सावकाश उघडा. गळतो म्हणून खालचा व्हॉल्व्ह कायम बंद करून ठेवलेला जागोजाग आढळतो, तो दोष म्हणूनच नोंदवा. मराठवाड्यासारख्या टंचाईच्या भागात ऊर्ध्ववाहिनीवरचे एअर व्हॉल्व्ह पाण्यासाठी मोकळे केले जातात. तिथे जवळच रीतसर स्टँडपोस्ट दिल्याशिवाय नुसता पिंजरा टिकत नाही.

वॉशआउटचे तोंड नाल्याच्या पुराच्या पाण्यात बुडत असेल तर तोही दूषित पाण्याचा रस्ता आहे. तोंड उचला, मोकळी हवा ठेवा. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडा.

रिफ्लक्स व्हॉल्व्ह तपासायला डिलिव्हरी व्हॉल्व्ह उघडा ठेवून पंप बंद करा आणि शाफ्ट उलटा फिरतो का ते बघा. आपटल्याचा आवाज येत असेल तर फ्लॅपची पिन आणि बुश झिजले आहेत.

वेळापत्रक आणि साठा

यादीतले मोक्याचे व्हॉल्व्ह सहा महिन्यांनी, एक फेरी मे महिन्यात आणि एक नोव्हेंबरात. बाकीचे दोन वर्षांत एकदा. झोन व्हॉल्व्हची पासिंग चाचणी सहा महिन्यांनी, दाब कमी करणाऱ्या व्हॉल्व्हची जाळी आणि पायलट नळी तीन महिन्यांनी. दोन-तीन माणसांच्या तुकडीने दिवसाला आठ-दहा व्हॉल्व्ह धरावेत, जास्त धरले की आटे न मोजता शेरे लिहिले जातात. पन्नास व्हॉल्व्हची पहिली फेरी आठवडा-दीड आठवड्यात होते. नापास झालेल्यांना हिशेबातले वजन आणि दोषाची तीव्रता, दोन्हींना एक ते पाच गुण देऊन गुणाकार करा. पंधराच्या वरचे या वर्षीच्या अंदाजपत्रकात घाला, वीसच्या वरच्यांसाठी वर्ष संपायची वाट बघू नका.

भांडारात मोक्याच्या प्रत्येक व्यासाचा एक व्हॉल्व्ह, त्याचे टेलपीस (जोडणीचे आखूड फ्लँजचे तुकडे), डिस्मँटलिंग जॉइंट, दोन संच गॅस्केट, गंज न धरणारे नटबोल्ट आणि स्पिंडलचे दोन नट कायम असावेत. व्हॉल्व्ह बंद करून, फ्लँजवर झाकण लावून, सावलीत ठेवा, रबर उन्हात तडकते.

बदललेला व्हॉल्व्ह वाहिनीत जाण्याआधी त्याचा आतला भाग, गॅस्केट आणि कापलेल्या पाइपची टोके एक टक्का क्लोरीनच्या द्रावणाने पुसून घ्या: एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर, ढवळून निवळू द्यायची आणि वरचे निवळ पाणी वापरायचे. जोडणी झाली की सावकाश भरा, वॉशआउटमधून स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडा, आणि त्या भागातल्या शेवटच्या नळाला शिल्लक क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅम किंवा जास्त दिसल्यावरच पुरवठा चालू झाल्याची नोंद करा.